मागील दार पुढे आलं: किनाऱ्यावरची गावं, घरं आणि पर्यटन

आगरवाट

दिवाळीत आमच्या घरी एक निर्णय व्हायचा आहे. त्याआधी या मंचावरच्या मंडळींशी बोलावंसं वाटलं. जरा लांब लिहितेय, कारण प्रश्न आमच्या एकट्या घराचा राहिलेला नाही.

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. घर पणजोबांनी बांधलेलं, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं, कौलारू. काका-काकू, चुलतभाऊ आणि वहिनी तिथे राहतात, आम्ही पुण्यात. भावाला वाडीत, म्हणजे घरामागच्या बागेत, आठ खोल्या बांधायच्या आहेत. त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळात आमच्या निम्म्याहून जास्त पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, एका दुपारी आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर घर कशावर चालवायचं? वाडीत मोकळी जागा पडलीच आहे, माणसं दर शनिवारी खोल्या विचारत दारात येतात.

तरीही मला राहवत नाही, कारण गेल्या पंधरा वर्षांत आमच्या आळीचं काय झालं ते मी दर मे महिन्यात बघत आलेय.

आमच्याकडे प्रत्येक घराची जमीन ही एक लांबट पट्टी. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला समुद्र. रस्त्यावरून आलं की गडगा, म्हणजे दगडी कुंपण, गडग्यातलं बेडं सारून आत शिरलं की अंगण, तुळस, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी, विहीर. विहिरीपासून पुढे वाडी. वाडीच्या टोकाला उंडी आणि केवडा, मग सुरूची झाडं, पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू, आणि समुद्र. घराची पाठ समुद्राकडे. आमच्या घराला पश्चिमेला एकच लहान खिडकी आहे आणि पावसाळ्याआधी मागच्या पडवीला झाप बांधून तीही झाकायची. झड आत येऊ नये म्हणून. समुद्र ऐकू यायचा, दिसायचा नाही. लहानपणी आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

येणारा पाहुणा फोनवर चार गोष्टी विचारतो. बीच किती लांब? एसी आहे का? बाथरूम अटॅच आहे का? गाडी आत लागेल ना? मला वाटतं या चार प्रश्नांनी आमच्या गावाचा नकाशा बदलला. बीचसाठी घराची पाठ हे घराचं तोंड झालं. केवडा आणि उंडी तोडली, समुद्र दिसायला हवा म्हणून, आणि आता खारा वारा सरळ माडांवर येतो. खोल्या वाडीत गेल्या, त्यांचे व्हरांडे पश्चिमेला. जुनं घर मध्येच राहिलं, त्याच्या ओटीवर गॅसच्या टाक्या आणि चादरींचे गठ्ठे.

गाडीसाठी गडगा फोडला. हे मी जवळून पाहिलंय. शेजारच्या घरी मिनी बस आत यावी म्हणून गडग्याचे चौदा हात काढले आणि अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. अंगण आधी रस्त्यापेक्षा वीतभर खाली होतं, पागोळ्यांचं पाणी कडेच्या चरातून वाडीच्या पाटात जायचं. ब्लॉक बसवताना भर घातली, चर बुजला. पहिल्याच पावसात पाणी आमच्या पडवीत. काकूने तीन दिवस पोत्यांनी पाणी टिपलं. शेजाऱ्यांशी भांडण झालं नाही, कारण त्यांना कळलंच नव्हतं की त्या चराचं काही काम होतं. बांधणारा ठेकेदार बाहेरचा. चर कशासाठी आहे हे त्याला सांगणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

आणि शिमगा. आमच्याकडे देवीची पालखी घरोघर येते आणि अंगणात नाचते. यंदा आमच्या आळीत चार घरांशी पालखी रस्त्यावरूनच पुढे गेली, कारण अंगणात गाड्या होत्या. पाहुण्यांच्या.

मला उत्तर हवंय ते असं: खोल्या काढायच्याच असतील तर गावाची ही मांडणी न मोडता काढता येतात का? कोणी केलंय का?

शाकारणी

ताई, मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो, चिपळूणपासून खाली. तुमच्या चार प्रश्नांतल्या एसीबद्दल लिहितो, कारण त्यात घर कसं मरतं ते बाहेरून दिसत नाही.

कौलारू छप्पर श्वास घेतं. उन्हाने तापलेली हवा कौलांच्या फटीतून निघून जाते, म्हणून मे महिन्यातही माजघर गार. एसीला नेमकी हीच फट नको असते. मग खालून पीओपीचं नाहीतर प्लास्टिकच्या पट्ट्यांचं छत मारतात. झालं. वर काळोख, कोंडलेली ओल, उंदीर. एखादं कौल सरकलं तर पूर्वी खाली थेंब पडायचा आणि त्याच दिवशी कोणीतरी वर चढायचं. आता वर्षभर पाणी वाशावर मुरत राहतं आणि कळतं तेव्हा आढं वाकलेलं असतं. त्यात चुलीचा धूर गेला. धुराने वासे काळे व्हायचे, पण त्या काजळीमुळे वाळवी आणि भुंगा लाकडाला लागत नसे. छत मारल्यावर सहा-सात वर्षांत वासे पोकळ झालेली घरं मी स्वतः उतरवली आहेत. मग मालक म्हणतो, कौलारू घर टिकत नाही हो, स्लॅबच बरा.

दुसरी चूक सिमेंटच्या गिलाव्याची. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कडक होतो, आणि तो पाणी पितो व सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला सोडू देतो. सिमेंट आणि वरून प्लास्टिक रंग दिला की ओल भिंतीतच अडकते. जोत्यापासून कमरेपर्यंत पापुद्रे सुटतात, त्यावर लोक टाइल्स लावतात, आणि ओल आणखी वर चढते.

खोल्यांच्या नकाशाचं नंतर लिहितो. आधी सांगा, गोठा आहे का?

दर्याकाठ

नमस्कार. मी तुमच्याच तालुक्यातली, तेरा वर्षं घरगुती निवास चालवते. पाच खोल्या, स्लॅबच्या, वाडीत. तुमचं लिहिणं वाचून वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, दोन्ही प्रांजळपणे सांगते.

कौलारू घर दरवर्षी शाकारावं लागतं. वर चढणारा माणूस आता मिळत नाही, मिळाला तर मे अखेरीस सगळ्या गावाला एकदम हवा असतो. ‘निसर्ग’नंतर आमच्या घरावर निम्मी कौलं नव्हती, पाऊस डोक्यावर, आणि कौलं तर सोडाच, ताडपत्री मिळत नव्हती. त्या रात्री मी, सासूबाई आणि दोन मुली जिच्यात झोपलो ती स्लॅबची खोली होती. पाहुण्यांसाठी बांधलेली. नऊ शेजारी आमच्यात होते. म्हणून स्लॅबला नावं ठेवताना माझी जीभ रेटत नाही.

आणि अटॅच बाथरूम फक्त पाहुण्यांना हवं असतं असं नाही. माझ्या सासूबाई सत्तरीत पावसाळ्याच्या रात्री कंदील घेऊन वाडीत जायच्या. त्या मांडणीत बाईच्या सोयीचा विचार किती होता, हेही या धाग्यात यावं.

मुलीचं नर्सिंगचं शिक्षण या पाच खोल्यांवर झालं. सुपारीवर झालं नसतं.

आगरवाट

दर्याकाठताई, तुम्ही लिहिलंत ते मनापासून पटलं. आमच्या आजीची गोष्टही हीच. बाथरूम घरात यायलाच हवं होतं आणि ते पर्यटनाच्या निमित्ताने आलं, हे मी लिहायला हवं होतं. मी वर्षातून बारा दिवस तिथे राहते, तुम्ही बारा महिने. माझा आग्रह स्लॅब नको असा नाही. खोल्या कुठे बसवायच्या आणि काय तोडून बसवायच्या, एवढाच माझा प्रश्न आहे.

शाकारणीदादा, गोठा आहे. घराच्या उत्तरेला, अंगणाच्या कडेला. गुरं २००९ सालीच गेली. सध्या त्यात लाकडं आणि जुन्या सायकली.

वरचा_पाट

गुहागरचा आहे. आमचं गाव म्हणजे तुम्ही वर्णन केलेल्या पट्टीचा मोठा नमुना. एकच लांब रस्ता, मध्ये व्याडेश्वराचं देऊळ, एका अंगाला वरचा पाट, दुसऱ्या अंगाला खालचा पाट. रस्त्याच्या पश्चिमेची घरं अशीच, मागे आगर, म्हणजे तुमची वाडी, आणि आगरामागे समुद्र. रस्त्यावरून चालत गेलात तर समुद्र हाकेच्या अंतरावर आहे याचा पत्ता लागत नसे. झाडांच्या भिंतीमुळे.

आमच्याकडे उफराटा गणपती आहे. कथा अशी सांगतात की मूर्ती पूर्वेकडे तोंड करून होती. समुद्र गावात शिरायला लागला तेव्हा भक्ताने साकडं घातलं आणि देवाने तोंड पश्चिमेकडे फिरवलं, समुद्र मागे हटला. समुद्राकडे तोंड करून बसणं हे देवाने घेतलेलं काम, माणसाने पाठच ठेवायची, असं आमची आजी म्हणायची.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाड्या चढू लागल्या तेव्हापासून दापोलीकडचे पर्यटक थेट आमच्याकडे उतरतात. गर्दी वाईट नाही. पण दोन आगरांमधून समुद्राकडे जाणाऱ्या ज्या चिंचोळ्या वाटा होत्या, दोन्ही बाजूंना गडगा, वर पोफळीची सावली, त्या आता गाडी जाईल एवढ्या रुंद करा अशी मागणी आहे. वाट रुंद झाली की दोन्हीकडचे गडगे गेले, गडग्यालगतच्या पोफळी गेल्या, आणि संध्याकाळी शाळेतून येणारी पोरं जिथे निर्धास्त चालायची तिथे हॉर्न. मला सगळ्यात जास्त या वाटांचं दुःख आहे. घर मालकाचं असतं, तो निर्णय घेतो. वाट कोणाचीच नसते, म्हणून ती आधी जाते.

भूजल

विहिरीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. व्यवसायाने भूजलाच्या कामात आहे.

पुळणीच्या पट्ट्यात गोड पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ठोकळ हिशोब असा की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर त्याच्या खाली साधारण चाळीस फूट गोड्या पाण्याचा साठा असतो. हे उलटंही चालतं. उपसा करून वरची पातळी एक फूट कायमची खाली नेलीत तर खालून खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर येऊ शकतं. रहाटाने शिंपणं करताना विहिरीला दम मिळायचा. शिवाय वाडीला घातलेलं पाणी झिरपून तिथेच परत जायचं. आठ खोल्या, शॉवर, टाकीवरचा पंप आणि मे महिना, असं एकत्र आलं की विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर एका पावसात सुधारेल असं धरून चालू नका.

दुसरं, शोषखड्डा. जुनी मांडणी बघा: घर, मग विहीर, मग वाडी. जमिनीतलं पाणी समुद्राकडे सरकतं, म्हणजे विहिरीच्या वरच्या अंगाला फक्त घर होतं, आणि न्हाणीचं पाणी पाटाने विहिरीच्या पलीकडे अळवाला, केळींना जायचं. आता खोल्या वाडीत आणि शोषखड्डा जागा मिळेल तिथे, कधी विहिरीपासून दहा पावलांवर. वाळूत घाण पाणी गाळलं जायच्या आत पुढे पळतं. शेजारची पट्टी पस्तीस-चाळीस फूट रुंद असेल तर तुमचा खड्डा आणि शेजाऱ्याची विहीर जवळजवळ आलेच. एकाने खोल्या बांधल्या तर चालून जातं. आळीतल्या पंधरा घरांनी बांधल्या की प्रत्येकाची विहीर कोणाच्या तरी खड्ड्याशेजारी येते.

पावसाळ्याआधी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, विहिरीचं पाणी तपासून घ्या. क्षार आणि जिवाणू दोन्ही.

केळवणे_आजी

सगळं वाचतेय. आमच्या माहेरी श्रीवर्धनला बाळंतिणीची खोली होती, काळोखी, माजघराला लागून. पाच पिढ्या त्या खोलीत जन्मल्या. आता तिला खिडकी पाडून ‘डिलक्स’ केली आहे. भाच्याने प्रेमाने मला तिथेच उतरवलं. रात्रभर झोप लागली नाही, पण त्याला बोलले नाही.

दिवेकर_लेक

दिवेआगरचं सांगते, कारण आमच्याकडे हे टप्प्याटप्प्याने आणि तारखांसकट घडलं.

१७ नोव्हेंबर १९९७ ला एका वाडीत खणताना पेटी सापडली आणि त्यात सोन्याचा गणपती. त्याआधी दिवेआगरला पाहुणा म्हणजे नातेवाईक. नंतर दर्शनाला माणसं यायला लागली आणि गावात एकही हॉटेल नव्हतं. तेव्हा घरोघरी ओटीवर पानं मांडली. उकडीचे मोदक, बिरडं, आमसुलाचं सार. मुक्कामाला राहणाऱ्यांना माजघर दिलं, घरचे स्वयंपाकघरात झोपले. घर तेच, भिंत एकही बदलली नाही. मला तो काळ आठवतो, पाहुणे आजीबरोबर फुलं तोडायला वाडीत यायचे.

मग मागच्या पडवीच्या दोन खोल्या झाल्या. मग वाडीत वेगळी इमारत. गावच्यांनी कर्जं काढली. २४ मार्च २०१२ ला मंदिरावर दरोडा पडला, मूर्ती गेली, दोन रखवालदारांचे जीव गेले. माणसं येणं कमी झालं आणि हप्ते तसेच राहिले. ज्यांनी घरातलीच खोली दिली होती त्यांनी ती परत आपली केली आणि ते निवांत झोपले. ज्यांनी वाडी तोडून इमारत बांधली होती त्यांच्याकडे ना पाहुणे, ना सुपारी. मग समुद्रावर येणाऱ्यांची गर्दी वाढली, खोल्या पुन्हा भरल्या. आणि २०२० ला वादळाने उरलेल्या वाड्या झोपवल्या. २०२१ मध्ये मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठापना झाली, पुन्हा गर्दी.

आगरवाटताई, तुमच्या भावाला एवढंच सांगा की बांधायचं ते असं बांध, की पाहुणे बंद झाले तर घरात सामावून घेता येईल. आमच्या शेजारच्यांनी पडवीच्या खोल्या वादळानंतर मुलाच्या लग्नाला वापरल्या. वाडीतल्या आठ खोल्यांच्या इमारतीचं काय करणार?

नागोयाहून

मी मूळ रत्नागिरीचा, नोकरीनिमित्त अकरा वर्षं जपानात. इथून बसने तीनेक तासांवर शिराकावा-गो आहे. त्यातलं ओगिमाची गाव मी चार वेळा पाहिलं, प्रत्येक वेळी कोकण डोळ्यांपुढे आलं. म्हणून लिहितो.

तिथली घरं गवताच्या छपराची, छप्पर इतकं उभं की नमस्काराला जोडलेले हात वाटावेत. या घरांना ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणतात, त्या नावाचा अर्थही तोच. बर्फ घसरून जावं म्हणून. माळ्यावर रेशमाचे किडे पाळायचे. धंदा बुडाला, धरणं झाली, लोक घरं विकून निघाले. १९७१ साली उरलेल्या गावकऱ्यांनी मंडळ काढून तीन गोष्टी ठरवल्या: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. सरकारी संरक्षण नंतर, १९७६ ला आलं. जागतिक वारसा १९९५ ला. म्हणजे आधी गावाने ठरवलं, मग बाहेरच्यांनी मान दिला.

छप्पर बदलायला आजही गाव जमतो, शंभर-दोनशे माणसं. त्या रिवाजाला ते ‘युई’ म्हणतात. आपल्याकडे मांडव घालायला आळी जमायची तसं. आणि गाड्या? मोठा वाहनतळ नदीच्या पलीकडे. लांब झुलत्या पुलावरून पायी यायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊस होता, म्हाताऱ्या बायका छत्री घेऊन चालत होत्या, कोणी तक्रार करत नव्हतं.

सगळं आलबेल नाही तिथेही. भाताच्या काही खाचरांवर वाहनतळ झाले होते, कितीतरी घरांचा खालचा मजला दुकान झालाय, आणि हिवाळ्यात रोषणाईच्या रात्री इतकी गर्दी व्हायची की आता आधी नाव नोंदवल्याशिवाय सोडत नाहीत. तिथल्या खानावळीच्या मालकिणीने मला सांगितलं की लोक पडदा सरकवून तिच्या स्वयंपाकघरात डोकावतात. पण गावाची मांडणी, घरांची एकाच दिशेने लागलेली आढी, मधली शेतं, हे शाबूत आहे. गाडी बाहेर ठेवणं हा त्यातला सगळ्यात मोठा भाग, असं माझं मत झालं.

म्हापसेकार

गोंयच्यान नमस्कार. मराठीतच लिहितो.

आमचा अनुभव उलटा आहे आणि तो इथे यायला हवा. आसगावसारख्या गावांत बाहेरच्यांनी जुनी घरं घेतली आणि फार सुंदर दुरुस्त केली. शिंपल्यांच्या खिडक्या, लाल कोबा, नळ्यांची कौलं, सगळं जागेवर. फोटो काढाल तर घर शंभर वर्षांपूर्वीचंच. पण आमच्या घरांना पुढे बल्काव असतो, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दगडी बाकं, रस्त्याकडे तोंड. संध्याकाळी तिथे बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं. पाववाला, नुस्तेंकान्न म्हणजे मासेवाली, पाद्री, सगळे तिथेच भेटायचे. नवीन मालकाने घर जपलं आणि कुंपणाची भिंत माणसापेक्षा उंच केली. बल्काव आहे, समोर भिंत. शेजारणीला आता कळत नाही की आत कोणी राहतंय की नाही.

तेव्हा नुसती वास्तू टिकवली म्हणजे गाव टिकलं असं धरू नका. बसण्याची जागा कोणाकडे तोंड करून आहे ते पाहा.

मांगर

मालवणकडून. आमच्या खळ्याला लागून मांगर होता, जिथे जळाऊ लाकूड, नांगर, भाताचा पेंढा असायचा. चार वर्षांमागे त्याच जोत्यावर दोन खोल्या काढल्या. भिंती चिऱ्याच्याच ठेवल्या, छप्पर कौलारूच, खाली पातळ लाकडी फळ्यांचं छत केलं पण आढ्याकडे दोन्ही टोकांना जाळीची भोकं ठेवली, हवा खेळायला, आणि एक फळी उचलून वर बघता येईल अशी. एसी लावलेला नाही. मे महिन्यात त्यामुळे गिऱ्हाईक कमी मिळतं हे खरं. ऑक्टोबर ते मार्च भरलेलं असतं आणि जी माणसं येतात ती दुसऱ्यांदाही येतात. खळं शेणाने सारवलेलंच आहे. गाडी देवळाच्या मागे लागते, तिथून दीडशे पावलं. सामान आमचा मुलगा आणतो. सुरुवातीला लोक कुरकुरले, आता फोनवरच सांगून टाकतो.

देवबागला जाऊन बघा, एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. तिथे प्रत्येक हातभर जागेची किंमत कळते.

नियमवाला

एक कायद्याची बाजू. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा नियमन क्षेत्र लागू होतं, १९९१ पासून. ग्रामीण भागात पहिले २०० मीटर नव्या बांधकामाला बंदीचे. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकसंख्या असेल तिथे, हे अंतर ५० मीटर केलं आहे. बाकीच्या गावांना २०० मीटरच. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती मूळ जोत्याच्या हद्दीत करता येते. वाडीतल्या आठ खोल्या २०० मीटरच्या आत येत असतील तर कर्ज काढण्याआधी मोजणी करून घ्या. ‘सगळ्यांनी बांधलंय’ हे उत्तर नोटीस आल्यावर उपयोगी पडत नाही.

दर्याकाठ

परत आले. भूजलदादांचं वाचून काल सकाळी आमच्या विहिरीपासून शोषखड्ड्यापर्यंतचं अंतर पायांनी मोजलं. चौदा पावलं. शेजारणीच्या विहिरीपासून नऊ. आम्ही बांधलं तेव्हा हे कोणी विचारलं नव्हतं, ना ठेकेदाराने, ना ग्रामपंचायतीत. शेजारणीला अजून सांगितलं नाही. आज संध्याकाळी सांगणार आहे, आणि दोन्ही विहिरींचं पाणी एकत्रच तपासायला देऊ.

आगरवाटताई, भावाला माझ्याशी बोलायला सांगा. आठ खोल्या एकदम बांधू नका. आठ खोल्यांना बाहेरून दोन बायका कामाला लागतात आणि त्या गावात मिळत नाहीत. चार खोल्या वहिनी आणि काकू मिळून सांभाळतील. चारच्या पुढे तुम्ही घरात राहत नाही, हॉटेलात राहता. मी पाचवी बांधली तेव्हा माझं स्वयंपाकघर घरच्यांचं राहिलं नाही. मुली ताट घेऊन टीव्हीसमोर जेवतात आणि मी पाहुण्यांना वाढत असते.

आगरवाट

सगळ्यांचे उपकार. हा धागा भावाला पाठवला, त्याने तो काकांना मोठ्याने वाचून दाखवला. रविवारी तासभर फोनवर बोललो. दिवाळीपर्यंत थांबायची गरज उरली नाही.

चार खोल्या. दोन गोठ्याच्या जोत्यावर, मांगरदादांनी केल्या तशा. दोन मागच्या पडवीला धरून, आतून दार असलेल्या, म्हणजे पाहुणे नसतील तेव्हा घरात घेता येतील. चारही खोल्यांना बाथरूम, आणि घरच्यांसाठीही एक आतून. सगळी बाथरूमं एका रांगेत उत्तरेला, त्यामुळे सांडपाण्याचा एकच नळ आणि मैल्याची एकच टाकी, आणि ती विहिरीच्या पश्चिमेला, जमेल तितकी लांब. शेजाऱ्यांच्या विहिरीपासूनही मोजायची, हे काकांनी स्वतःहून सांगितलं. एसीवर भाऊ अडून आहे. पडवीच्या दोन खोल्यांना स्लॅब टाकून एसी, गोठ्याच्या दोन कौलारू आणि पंख्याच्या, असं ठरलं. दर्याकाठताईंची वादळाची रात्र वाचल्यावर एक तरी पक्कं छत हवं यावर काकू ठाम होती आणि मलाही ते पटलं.

वाडीत पोफळीच लावायच्या. मध्ये केळी आणि मिरीचे वेल, तोवर काहीतरी हाती येईल. पश्चिमेच्या टोकाला उंडी पुन्हा लावणार, रोपं गावातच मिळतात.

गडगा तसाच. गाड्यांसाठी आळीतल्या तीन घरांनी मिळून रस्त्यालगतची एक पडीक जागा साफ करायचं बोलणं चाललं आहे. तिसऱ्या घरचे अजून हो म्हणाले नाहीत. त्यांच्या अंगणात आधीच ब्लॉक आहेत, त्यांना वेगळ्या जागेची गरज वाटत नाही. पण बुजलेला चर ते या पावसाआधी उकरून देणार आहेत.

शिमग्याचे पाच दिवस आणि गणपतीत खोल्या बंद ठेवायच्या, हे काकांचं म्हणणं. भाऊ म्हणाला, गणपतीत ठीक, शिमग्याला शनिवार-रविवार आला तर? काका काही बोलले नाहीत. ते अजून ठरायचं आहे.

शाकारणी

उत्तम. नकाशा काढलात की इथे टाका, मी बघेन. पडवीच्या स्लॅबचं वजन जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर देऊ नका, त्याला वेगळे खांब आणि वेगळा पाया. दोन्हींच्या मधे फट ठेवा आणि वरून पन्हळ घ्या, नाहीतर कौलांचं पाणी नेमकं त्या सांध्यात उतरेल.

आणि गोठा पाडण्याची घाई नको. त्या बाजूचे जुने गोठे बहुतेक ऐनाच्या नाहीतर किंजळीच्या खांबांवर असतात. खालचा हातभर भाग कुजलेला असतो, वरचा लोखंडासारखा. खालून कापून चिऱ्याची बैठक दिली की आणखी पन्नास वर्षं जातात. हातोडीच्या मागच्या बाजूने टोकून बघा, भरीव आवाज आला तर खांब ठेवायचा.

आगरवाट

भाऊ आत्ताच टोकून आला. सहापैकी पाच भरीव. आग्नेयेच्या कोपऱ्यातला वाजतोय पोकळ, तिथे वर कौल फुटलेलं आहे.